विश्वासालाही तोल हवा

(जागतिक रुग्णसुरक्षा दिनाच्या निमित्ताने पुण्यातील मार्केट यार्ड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विश्वास म्हणजे काय, हे मार्केट यार्डातील मंडळींना मी सांगायला हवे असे नाही. शेतकरी आणि आडते यांचे संबंध कित्येकदा दोन-दोन पिढ्यांचे असतात. तरीही गोणी काट्यावर चढतेच आणि परवानाधारक तोलणार तिचे वजन करतोच. त्यात आडत्याला आपला अपमान झाला असे वाटत नाही, की शेतकऱ्याला संकोच वाटत नाही. रुग्णालयाची पायरी चढताना मात्र आपण हा काटा बाहेरच ठेवून आत जातो.

आपण रुग्णालयाची पारख कशावरून करतो? इमारत किती मजली आहे, यंत्रे किती नवी आहेत, डॉक्टरांचा हातगुण कसा आहे यावरून. सलाईन लावले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. साधी गोळी देऊन घरी पाठवणारा डॉक्टर मात्र मनात भरत नाही. आपल्याला भीती वाटते ती शस्त्रक्रियेची आणि बिलाची. वस्तुस्थिती निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण दहा रुग्णांमागे एकाला उपचारादरम्यान काही ना काही इजा होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात. आपल्यासारख्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी सुमारे पंधरा जणांना तेथेच नवा जंतुसंसर्ग होतो. न धुतलेला हात, नावाच्या गोंधळातून दिले गेलेले दुसऱ्याचे औषध, बंद पडलेले अग्निशामक यंत्र, ही संकटे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषधखरेदी व नियंत्रण यंत्रणेतील दोष उघड झाले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा कोलमडला आणि त्या दिवशी २२ रुग्णांनी प्राण गमावले. या तिन्ही ठिकाणी डॉक्टरांची बुद्धी तोकडी पडली नव्हती. व्यवस्थेची रोजची, कंटाळवाणी तपासणी तोकडी पडली होती.

अंधविश्वास तुटला की त्याचे रूपांतर विवेकात होत नाही, संतापात होते. २०२५च्या एप्रिलमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाविरुद्ध जनक्षोभ उसळला. अनामत रकमेच्या मागणीमुळे उपचार नाकारले गेले, असा कुटुंबीयांचा आरोप होता. रुग्णालयाने तो अमान्य केला. पुढे तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे रुग्णालयाने जाहीर केले. हा प्रश्न समाजाने आधीच शांतपणे विचारायला नको होता काय? कालपर्यंत ज्याला देव म्हटले, त्याच्याच दारावर आज दगड मारायचे, हे सुदृढ समाजाचे लक्षण नव्हे. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या राज्याला २०१० साली कायदा करावा लागला, ही भूषणाची गोष्ट निश्चितच नाही. भीतीच्या छायेत वावरणारा डॉक्टर चूक कबूल करत नाही, आणि झाकलेली चूक पुन्हा घडते.

मग उपाय काय? यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावाशी मूळ नाते असलेले अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची पडताळणी सूची तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच आहे ना, अखेरीस कापसाचे बोळे व उपकरणे मोजून झाली ना, असे तिचे साधे प्रश्न आहेत. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. निष्णात हातांनाही काटा लागतो, हाच याचा अर्थ.

आपल्या घरापासून आपण काय करू शकतो? वडीलधाऱ्यांच्या चालू औषधांची आणि वावड्या औषधांची यादी लिहून जवळ ठेवावी. इंजेक्शन देण्यापूर्वी, "सिस्टर, हे औषध कोणते आणि कशासाठी?" असे आदराने विचारावे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुण्याची आठवण करून द्यावी, आणि आपणही धुवावेत. दहा जणांनी भेटीला जाण्याचा मोह आवरावा. विनाकारण सलाईनचा आग्रह धरू नये. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा. राज्याच्या २०२१च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती वाचावी, नसेल तर विचारावी.

विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. रुग्णाच्या उशाशी बसलेला नातेवाईक हा उपचार करणाऱ्या चमूचाच एक घटक आहे. गोणी तोलल्याने व्यवहार तुटत नाही, उलट तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. डॉक्टर आणि समाज यांचे नातेही तसेच टिकावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.