ग्रंथपालाच्या शिकण्याचा खर्च कोणी करायचा?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जानेवारी 1924 मध्ये मद्रास विद्यापीठानं आपला पहिला ग्रंथपाल नेमला. त्यांचं नाव शियाळी रामामृत रंगनाथन. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत. ग्रंथालयाच्या कामाचं कुठलंही शिक्षण त्यांच्या पाठीशी नव्हतं. वाचक फारसे येत नसत, दिवस रिकामा जाई, आणि थोड्याच दिवसांत त्यांना पुन्हा वर्गात परतावंसं वाटू लागलं. पण नेमणुकीतच ठरलेलं होतं की या माणसाला ग्रंथालयाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला पाठवायचं. त्याप्रमाणे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. बर्विक सेयर्स हे त्यांचे शिक्षक. त्यांच्याकडे वर्गीकरण शिकताना रंगनाथनना चालू पद्धतीतल्या अडचणी खटकू लागल्या. एका दुकानात त्यांनी मेकॅनोची खेळणी पाहिली. त्याच पट्ट्या आणि तेच बोल्ट वापरून हवी ती नवी वस्तू जोडता येते, हे पाहून पुस्तकांच्या विषयांचीही अशी जोडणी करता येईल असं त्यांना सुचलं. त्यातून पुढे 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं.

ही गोष्ट आपण नेहमी रंगनाथन यांच्या बुद्धीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्यांना पाठवणाऱ्या विद्यापीठाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. कंटाळलेल्या नवख्या माणसाला त्या संस्थेनं शिकायला वेळ दिला, वाट करून दिली. परत आल्यावर रंगनाथन यांनीही तेच केलं. मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीनं 1929 मध्ये त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला.

त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. गावोगावी ग्रंथालयं काढायची हे ठरल्यावर त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. पुस्तकांची पेटी खेड्यात पोचवण्याइतकंच ती उघडणारा माणूस तयार करणं महत्त्वाचं आहे, हे त्या राजाला कळत होतं. म्हणून 1911 मध्येच बडोद्यात प्रशिक्षण वर्ग निघाला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि शासनमान्य ग्रंथालयं 11 हजारांहून अधिक आहेत. महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला बढती हवी असेल तर उजळणी वर्ग करावेच लागतात. त्यासाठी रजा मिळते आणि सेवापुस्तकात नोंद होते. गावातल्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयातली बाई मात्र कधीतरी काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करते आणि त्यानंतर तिला कोणी काही शिकवत नाही. तिचं मानधन इतकं तुटपुंजं असतं की तालुक्याला जायचं एसटीचं भाडंसुद्धा विचार करूनच काढावं लागतं. अशा बाईला आपण 'स्वतःला अद्ययावत ठेवा' असा उपदेश करतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

काम तर बदललेलं आहे. पूर्वी तालिकेच्या खणात एक कार्ड असे: 'आरती प्रभू, पाहा: खानोलकर, चिं. त्र्यं.' कवितासंग्रह मागणाऱ्या वाचकाला त्या एका ओळीमुळे त्याच लेखकाच्या कादंबऱ्यांपर्यंत जाता येई. पुढे संगणक आला. दाखल नोंदवहीतल्या नोंदी घाईघाईनं टंकून झाल्या. एकीकडे 'चिं. त्र्यं. खानोलकर', दुसरीकडे 'खानोलकर चिं.त्र्यं.', तिसरीकडे 'सी. टी. खानोलकर', आणि आरती प्रभू वेगळेच. यंत्राच्या लेखी ही चार माणसं झाली. त्यातून बऱ्याच नोंदी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. संगणक बदलला की त्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. खानोलकरांची 'कोंडुरा' कादंबरी कपाटात असते, पण शोधखिडकीत सापडत नाही. मग वाचक हात हलवत परत जातो आणि पुढच्या वेळी येत नाही.

हे दुरुस्त करता येतं. लेखकाच्या नावाचं एकच रूप ठरवायचं, बाकीची रूपं त्याला जोडायची, जुन्या नोंदी युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या. यात अवघड असं फारसं काही नाही. पण ते शेजारी बसून कुणीतरी दाखवावं लागतं, आणि मग निवांत करत बसायला दुपारी मिळाव्या लागतात.

एका गावात मी एक ग्रंथपाल पाहिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तिच्याकडे एका शासन निर्णयाचा सांकेतांक घेऊन आली. अठरा आकडी नुसता आकडा. या बाईनं तो कागद हातात घेतला, पहिल्या आठ आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे वर्ष, हा महिना, हा दिवस. आधी तारखेनं शोधू." शासनाच्या संकेतस्थळावरून तो निर्णय निघाला. मी तिला विचारलं, हे कुठे शिकलात? तिनं सांगितलं, तलाठी कार्यालयातल्या एका मुलाकडून. हा एक मुलगा भेटला नसता तर?

वाचकांच्या प्रश्नांतून ग्रंथपाल रोजच शिकतो, हे मला मान्य आहे. पण एका ग्रंथालयात शिकलेलं शेजारच्या गावात पोचत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. तालुक्यातल्या ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. त्या दिवशी ग्रंथालय बंद राहिलं तरी चालेल. दारावर पाटी लावा: आज ग्रंथपाल शिकायला गेले आहेत. वाचकांनाही हे कळू द्या. जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाचं मानधन कार्यकारी मंडळानं द्यावं. इमारतीच्या रंगकामाला जसा खर्च मंजूर होतो तसा हाही व्हावा. जिल्हा ग्रंथालय संघांनी शिकवणारी माणसं गोळा करावीत. ती याच तालुक्यांत सापडतील. आत्ता सांगितलेली ती बाई हा विषय कुणाहीपेक्षा चांगला शिकवेल.

तुमच्यापैकी अनेकजण आपापल्या गावच्या ग्रंथालयाचे वर्गणीदार आहात. येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रकाची प्रत हातात येईल, तेव्हा ती वाचा. ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचा रकाना त्यात आहे का, ते पाहा. नसेल तर उभं राहून तो घालायला सांगा.