मूळव्याध हे नाव ठेवण्यापूर्वी

(ज्ञातिमंडळाच्या शेंद्रा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, मंडळाचा अहवालही वाचून झाला. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असे कित्येकांस वाटेल. शौचाच्या वाटे रक्त पडणे, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नव्हे, साधे सेवानिवृत्त शिक्षक आहोत. परंतु या एका लज्जेपायी चांगली कर्ती माणसे अंथरुणास खिळलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून आज बोलावयाचे ठरविले.

रक्त दिसताच आपल्याकडे त्यास एकच नाव दिले जाते : मूळव्याध. निदान रोगी स्वतः करतो, औषध शेजारी सांगतो आणि पथ्य घरची वडील मंडळी ठरवितात. हे नाव बहुतेक वेळा खरे ठरते, आणि म्हणूनच ते खोटे असेल तेव्हा कोणास शंका येत नाही.

मूळव्याध हा जुनाच रोग. सुश्रुताने ‘अर्श’ या नावाने त्याचे सहा प्रकार वर्णिले, औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आणि त्याची गणना आठ महागदांत केली. घरगुती चूर्णावर निभावून न्यावयाची ही क्षुल्लक व्याधी आहे, असे त्यानेही मानले नाही.

आता रक्तारक्तांतील भेद पाहू. मूळव्याधीचे रक्त बहुधा लालभडक असते, शौचानंतर थेंबथेंब गळते व सहसा दुखत नाही. गुदद्वाराशी चीर पडली असेल तर रक्त थोडे, पण वेदना कापल्यासारखी होते. रक्ती आव झाली असता पोटात मुरडा येतो व रक्तासह चिकट आव पडते. लहान मुलांत आतड्यातील देठाची गाठ, जिला डॉक्टर पॉलिप म्हणतात, ती कारण असू शकते. जठरातील व्रणातून रक्त गेले तर शौच डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधियुक्त होते. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते आणि बीट खाल्ल्याने तांबूस दिसते, हेही डॉक्टरांस सांगावे.

आणि गुदाशयाचा कर्करोग? त्याचे रक्तही लालच असते, आणि प्रारंभी तोही बहुधा दुखत नाही. शिवाय एकाच माणसास मूळव्याध व कर्करोग दोन्ही असू शकतात. मग केवळ डोळ्यांनी रक्त पाहून निदान कसे व्हावे?

आमचा एक माजी विद्यार्थी येथील औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम करीत असे. रक्त पडू लागले तेव्हा त्याने एका पाटीवाल्याकडून चूर्ण घेतले. दीड वर्ष असेच गेले. पुढे अशक्तपणामुळे तो कामावरच कोसळला. रुग्णालयात डॉक्टरांनी बोटाने तपासले आणि गाठ हातास लागली. दोन मिनिटांची ती तपासणी दीड वर्षात कोणीही केली नव्हती. शस्त्रक्रिया होऊन तो आज हयात आहे, परंतु पोटावर शौचाची पिशवी बाळगून.

याउलट अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे उदाहरण घ्या. १९८५ च्या जुलैमध्ये त्यांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगयुक्त पॉलिप आतड्याच्या भागासह काढण्यात आला. त्यानंतर ते जवळजवळ १९ वर्षे जगले. हा रोग पुष्कळदा अशा पॉलिपपासून वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. म्हणून लवकर गाठला तर तो बरा होण्याची आशा फार मोठी असते.

तेव्हा डॉक्टरांकडे केव्हा जावे? रक्त पुन्हा पुन्हा दिसले, तर जावे. शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली राहिली, पोट साफ झाले नाही असे सतत वाटू लागले, विनाकारण वजन घटले, थकवा वा पांढुरकेपणा आला, घरात कोणास आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर मुळीच विलंब लावू नये. चाळिशी उलटलेल्याने तर पहिल्याच वेळी जावे. मात्र तरुणांनीही आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. रक्त पुष्कळ जाऊ लागले, गाठी पडल्या, शौच डांबरासारखे झाले, चक्कर किंवा घाम येऊ लागला, तर त्याच क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस दाखवाव्यात.

छत्रपती संभाजीनगर येथून दूर नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. त्याचे घाटी रुग्णालय व शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याचसाठी आहेत. खर्चाची चिंता असेल त्याने शिधापत्रिका बरोबर न्यावी व महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्राकडे करावी. मांगीरबाबाला नवस बोलावयाचा असेल तर अवश्य बोलावा. परंतु तपासणी नवसाच्या आधी व्हावी.

भगिनींना विशेष विनंती. स्त्रिया हे दुखणे सर्वांत अधिक लपवितात. संकोच वाटत असेल तर स्त्री-डॉक्टर मागावी व सोबत घरचे माणूस न्यावे. सासूबाईंनी सुनेस आपण होऊन विचारावे. तिला बोलता येईल असे घर आपणच करावयाचे आहे.

पथ्याविषयी थोडकेच. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, कडधान्ये व भरपूर पाणी घ्यावे, शौचाची हाक आली असता ती दडपू नये, कुंथू नये, तंबाखू सोडावी. याने मूळव्याधीचा त्रास कमी होतो. परंतु पथ्याने रक्त थांबले म्हणून तपासणी टाळावी, असा याचा अर्थ नव्हे.

आपण पाचशे-हजार कुटुंबे येथे जमलो आहोत. घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढा एक प्रश्न आपल्या माणसांना विचारावा, आणि उत्तर ‘होय’ आले तर त्या माणसास दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात न्यावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.