बाप्पा थांबतो, आजार थांबत नाही



मी डॉक्टर नव्हे. पदविका घेतलेला साधा सरकारी कर्मचारी. सांगतो ते घरचे.

डिचोलीच्या आमच्या वहिनींचा स्तनाचा कर्करोग उपचारांनी आटोक्यात आला होता. दोन वर्षांनी चवथीला माटोळी बांधताना त्यांना 'सुपारी' हा शब्दच आठवेना. उजव्या हातातून दोरी सुटत होती. आधीचे पंधरा दिवस सकाळी डोके दुखे, उलटी होई. आम्ही पित्त म्हणालो. विसर्जन होऊ दे, मग बघू, असे ठरले. त्याच रात्री फिट आली. १०८ बोलावून बांबोळीला गोमेकॉत नेले. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली.

हा वेगळा कर्करोग नसतो. स्तनातल्याच पेशी रक्तावाटे मेंदूत पोचतात. कवटीत वाढायला जागा नसते, त्यामुळे गाठीचा आणि भोवतीच्या सुजेचा दाब पडतो. 'हर-टू पॉझिटिव्ह' आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारांत हा धोका अधिक. स्टेरॉइडने सूज उतरते. पुढे रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करतात. वहिनींची वाचा बरीचशी परतली, हात मात्र पूर्ण सुधारला नाही. आणखी एक चवथ त्यांनी आमच्यात काढली. ते पंधरा दिवस मला आजही टोचतात.

म्हणून पेडणे-डिचोलीच्या घराघरांत सांगा : हा रोग होऊन गेलेल्या बाईला नवी डोकेदुखी, फिट, तोल जाणे, बोलताना अडखळणे, वागण्यात बदल, यांतले काहीही दिसले, तर जुनी फाइल घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाप्पा रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!