कोरियाचा शेअरबाजार आणि आपल्या घरची शिल्लक
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावेत, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांना ती थट्टा वाटली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात मुलांना त्रैराशिक आणि सरळव्याज शिकविण्यात गेली. अशा मास्तराने सेऊलच्या बाजारावर बोलावे, हे वरकरणी विचित्र दिसते खरे. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. त्या बाजारातील एका दिवसाची झळ आमच्या घरापर्यंत पोहोचली, म्हणून तो निवडणे भाग पडले.

तो दिवस म्हणजे सोमवार, ५ ऑगस्ट २०२४. कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे तेथील बाजार आपल्या पहाटे साडेपाचला उघडतो आणि आपल्या माध्यान्ही बारा वाजता बंद होतो. त्या दिवशी बाजार उघडला तोच घसरणीने. तेथील मुख्य निर्देशांकास 'कॉस्पी' म्हणतात. दुपारी सव्वादोनच्या सुमारास तो ८ टक्क्यांहून अधिक खाली आला आणि नियमाप्रमाणे सर्व व्यवहार २० मिनिटे थांबविण्यात आले. घरात विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की फ्यूज उडतो, तशीच ही योजना होय. मार्च २०२० नंतर हा प्रसंग प्रथमच आला होता. व्यवहार पुन्हा सुरू झाले, तरी भीती ओसरली नाही. दिवसअखेर कॉस्पी ८.७७ टक्के उतरून २,४४१ वर थांबला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्ससारख्या बलाढ्य कंपनीचा शेअर एका दिवसात १० टक्क्यांहून अधिक पडला.

आता आपण विचाराल, कोरियात त्या दिवशी असे घडले तरी काय? कोणता कारखाना जळाला? कोठे भूकंप झाला? तसे काहीच झाले नव्हते. कारण शेजारच्या जपानात आणि दूरच्या अमेरिकेत होते. जपानात अनेक वर्षे व्याज जवळजवळ शून्य होते. तेव्हा जगातील मोठमोठे धनिक तेथून स्वस्तात येन कर्जाऊ घेत आणि ती रक्कम अन्य देशांत अधिक लाभासाठी गुंतवीत. ३१ जुलै २०२४ रोजी जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर वाढवून पाव टक्का केला. ही वाढ किती लहान! परंतु त्यापूर्वीच येन महाग होऊ लागला होता. जुलैच्या आरंभी एका डॉलरला १६१ येन पडत, ते ५ ऑगस्टला १४२ पर्यंत आले. येनमध्ये घेतलेले कर्ज फेडणे जड झाले. त्यातच २ ऑगस्टला अमेरिकेतील बेकारी ४.३ टक्क्यांवर गेल्याची वार्ता आली. ऋणकोंनी हाती लागेल ते विकून कर्ज फेडण्याची घाई केली. कोरियाच्या बाजारात विदेशी पैसा विपुल, आणि तेथील शेअर विकणेही सुलभ; म्हणून घाव तेथे खोल बसला. जपानचा निक्केई तर त्याच दिवशी १२ टक्क्यांहून अधिक कोसळला.

दुसऱ्या दिवशी काय झाले? कॉस्पी ३.३ टक्के चढला, निक्केई १० टक्क्यांनी वर आला. सोमवारी विकणारे मंगळवारी कपाळावर हात मारून बसले.

कोरियात सामान्य गुंतवणूकदारांस 'मुंग्या' म्हणतात. एकेकटी मुंगी क्षुद्र, पण संख्येने अगणित. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या भयाने विदेशी लोक शेअर विकून निघाले, तेव्हा या मुंग्यांनी ते विकत घेतले. १८९४ च्या शेतकऱ्यांच्या 'तोंगहाक' उठावाचे नाव त्यांच्या या खरेदीस मिळाले. १९ मार्च २०२० रोजी १,४५७ वर असलेला कॉस्पी जानेवारी २०२१ मध्ये ३,००० च्या वर गेला. धैर्यास फळ आले. परंतु त्या यशाने अनेकांना धीट केले आणि त्यांनी दलालाकडून कर्ज काढून शेअर घेतले. येथे आमचे त्रैराशिक उपयोगी पडते. स्वतःचा एक लाख व कर्जाचा एक लाख घालून घेतलेला माल १० टक्के उतरला, तर आपल्या लाखातील २० हजार गेले; व्याज निराळे. तारण अपुरे पडले की दलाल आपली संमती न विचारता शेअर विकून टाकतो. मग मंगळवारी बाजार चढला तरी त्याचा उपयोग काय? ज्याचा माल विकला गेला, त्याच्यासाठी मंगळवार उजाडलाच नाही. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आजीला ठाऊक होते.

आता आमची गोष्ट. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून ४ लाख रुपये आम्ही एका म्युच्युअल फंडात शेअरबाजारासाठी ठेवले होते. पुढील वर्षी जूनमध्ये नातीच्या महाविद्यालयाचे शुल्क त्यातून द्यावयाचे होते. त्या सोमवारी मुंबईचा सेन्सेक्सही २,२२२ अंशांनी पडला. दूरदर्शनवर लाल आकडे पाहून आमचा धीर सुटला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आजचा दिवस जाऊ द्या." आम्ही ऐकले नाही, दुपारी सर्व रक्कम काढून घेतली.

सप्टेंबरअखेर सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत चढला आणि घरात आमच्या भित्रेपणाचा उद्धार झाला. पुढे ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या आयातकराच्या धास्तीने तो ७३,१३७ वर आला. म्हणजे आम्ही विकले त्या दिवसाहूनही खाली! तेव्हा तीच माणसे आम्हांस दूरदर्शी म्हणू लागली. बंधुभगिनींनो, दोन्ही मते चुकीची होती. आमची चूक ५ ऑगस्टला झालीच नाही. ती पैसे ठेवले त्या दिवशी झाली. ज्या पैशावर खर्चाची तारीख लिहिलेली आहे, तो तारीख न जाणणाऱ्या बाजारात आम्ही ठेवला होता.

'धीर धरा, बाजार परत येतोच' असा उपदेश सर्रास केला जातो. येतो खरा, पण केव्हा? कॉस्पी १९८९ मध्ये प्रथम १,००० वर पोहोचला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर, जून १९९८ मध्ये तो २८० वर होता. त्याच काळात कोरियन स्त्रीपुरुषांनी अंगावरील सोने राष्ट्राचे कर्ज फेडण्यासाठी दिले. १,००० चा उंबरठा ओलांडून तो काही वर्षे वर टिकला, तो २००५ पासून. म्हणजे १६ वर्षे गेली. जपानच्या निक्केईस १९८९ ची उंची पुन्हा गाठण्यास ३४ वर्षे लागली. उलटपक्षी ७ एप्रिल २०२५ ला २,३२८ वर असलेला कॉस्पी त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला प्रथमच ४,००० च्या वर बंद झाला. कोण हे आधी सांगू शकला होता?

म्हणून शेअरबाजार त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. महागाईपुढे नुसती ठेव झिजते, हे आम्ही निवृत्तिवेतनावर जगताना रोज पाहतो. ज्या पैशाची दहा वर्षे गरज नाही, त्याचा काही भाग तेथे अवश्य असावा. मात्र मुलीचे लग्न, मुलाचे शुल्क, वडिलांची शस्त्रक्रिया यांचा पैसा बँकेत किंवा टपालखात्यात सुखाने राहू द्यावा. आणि कर्ज काढून बाजारात कधीही उतरू नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही विशेषतः तरुणांसाठी बोलत आहोत. आपल्या कित्येक घरांत रात्री जेवणाच्या पाटावरही मोबाइल खाली ठेवला जात नाही. त्यात 'ऑप्शन'चे सौदे चालू असतात आणि वडिलांना त्याचा पत्ता नसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा सौद्यांत शंभरातील ९३ व्यक्तींना तीन वर्षांत तोटाच झाल्याचे आढळले. ज्याला तोटा झाला असेल, त्याने तो घरात सांगावा. वडिलांनीही रागावण्याआधी ऐकून घ्यावे. लपविलेला तोटा भरून काढण्यासाठी केलेला दुसरा सौदाच माणसाला बुडवितो.

आम्ही दर रविवारी सकाळी संस्थेच्या वाचनालयात बसतो. कोणास हिशेब मांडून पाहावयाचा असेल, तर वही घेऊन यावे. कोणता शेअर घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही, कारण ते आम्हांस कळत नाही. पण कोणता पैसा कोणत्या तारखेचा आहे, एवढे मात्र दोघे मिळून लिहून काढू.