पर्सिमनची पारख

विदर्भाच्या रानांतील टेंभुर्णी विडीच्या पानांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिचेच एक भावंड अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत वाढते. त्याचे नाव पर्सिमन.

जुना वृक्ष सालीवरून ओळखावा. काळसर, जाड साल मगरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी ठोकळ्यांत चिरलेली असते. परंतु परसात लावणाऱ्यापुढचा खरा प्रश्न निराळाच आहे. या वृक्षांत नर व मादी बहुधा वेगवेगळे असतात, आणि साल किंवा पान ते गुपित सांगत नाही. ते कळते फुलांवरून: नराची फुले लहान, दोन-तीनांच्या घोसात, मादीची मोठी, एकेकटी. बियांपासूनच्या रोपाला फुलण्यास कित्येक वर्षे लागतात. इतके जोपासून झाड नर निघाले, तर फळाची आशा मावळते. म्हणून जाणता मनुष्य मादीचे कलमच लावतो. सोटमूळ खोल जात असल्यामुळे तेही कोवळेपणीच कायमच्या जागी.

तथापि नरावर कुऱ्हाड चालविण्याची घाई नको. त्याच्या परागांवाचून बहुतेक मादी झाडे फळत नाहीत. शिवाय त्याच्याच फांदीवर मादीचे कलम बांधता येते.

फळही उतावळ्याचे नव्हे. कच्चे असता ते तुरटपणाने जीभ आखडते. पूर्ण मऊ झाले म्हणजेच गोडी देते.