हाताने घडवलेला संगणक आणि आपली मुले

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त अहेरी येथे दिलेले भाषण)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपले अहेरी चांदा जिल्ह्यातच होते. त्या दीक्षेने आपल्या घरांत पाटी-पुस्तकाला मान मिळाला. आज पाटीच्या जागी संगणक आला आहे. जातीच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत बहुतेक कामे त्याच्यामार्फत होतात. आपली मुले तो चालवायला शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यंत्र चालवणे वेगळे आणि यंत्र जाणणे वेगळे. आज मला जाणण्याविषयी बोलायचे आहे.

एके काळी संगणक ही सरकारे, विद्यापीठे आणि बड्या कंपन्यांची मालमत्ता होती. ही मक्तेदारी मोडण्यात हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. सुटे भाग टपालाने मागवायचे आणि घरीच सोल्डरिंग करून तो जोडायचा. त्याची स्मृती अवघी २५६ बाइट! ना कळफलक, ना पडदा. खटके वर-खाली करून आज्ञा द्यायची आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर वाचायचे. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. तिथे एकाला उमगलेले सर्वांना सांगितले जाई. याच मंडळातील स्टीव्ह वॉझनियाक यांनी १९७६ साली ‘ॲपल-१’ घडवला. इंग्लंडमध्ये १९८१ साली सिंक्लेअरचा ‘झेडएक्स ८१’ सुट्या भागांच्या संचात पन्नास पौंडांच्या आत मिळू लागला.

आपल्या देशातही ही लाट आली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ आले. डेसिबेल्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ परवान्याने बाजारात आणला. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर ही त्याची वही. पॉलिटेक्निक व अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र पिढ्या शिकल्या त्या ‘८०८५’च्या किटवर.

हे किट म्हणजे काय? एक उघडी पट्टी, थोडी बटणे आणि आकडे दाखवणारे लाल दिवे. त्यात असे आकडे भरायचे : ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. पहिली जोडी सांगते, ‘अ’ कप्प्यात पाच ठेव. दुसरी सांगते, ‘ब’ कप्प्यात तीन ठेव. ८० म्हणजे बेरीज कर. पुढचे तीन आकडे म्हणजे उत्तर २०५० या घरात ठेव. ७६ म्हणजे थांब. मग ते घर उघडून पाहायचे. तिथे आठ दिसतो! यात कुठेही चमत्कार नाही. एक आकडा चुकला तर उत्तर चुकते आणि चूक शोधली तर सापडते. ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. त्या शिकवणीचा हा रोकडा धडा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये दाखवून दिले. ज्यांच्या हातात हत्यार त्यांना लेखणी नाही आणि ज्यांच्या हातात लेखणी त्यांना श्रमाची लाज! संगणक जोडताना मात्र सोल्डरिंगचा हात आणि गणिताचे डोके एकाच माणसाला लागते. ही विभागणी तिथे टिकत नाही.

कोणी विचारील, पोराला नोकरी हवी. यंत्र उघडून काय मिळणार? मित्रहो, नुसते टंकन करणाऱ्याचे काम यंत्रच हिरावून घेत आहे. ज्याला आतले कळते तो दुरुस्ती करील आणि टाकी भरताच मोटर बंद करणारे उपकरणही बनवील. विलायतेतही मुले केवळ वापरणारी झाली, ही खंत वाटूनच केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त, उघडा संगणक काढला. मग आपण का मागे राहावे?

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे. विहाराच्या वाचनालयात ग्रंथांशेजारी एक किट, एक सोल्डरिंगची कांडी आणि एक वही ठेवा. रविवारी वंदनेनंतर दोन तास मुला-मुलींनी एकत्र बसावे. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, ज्या भाषेत समजेल त्या भाषेत एकमेकांना सांगावे. शिकेल त्याने पुढच्या दोघांना शिकवावे. मुलींच्या हाती कांडी आधी द्यावी.

आपल्या पूर्वजांना अक्षर उघडून पाहू दिले नाही. आपल्या मुलांनी यंत्र मिटलेले ठेवू नये, एवढेच सांगून मी थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!