आमच्या आजारपणाचा हिशेब कोण ठेवतो?

(रेल्वे व डाक कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत भलतेच जड छापले आहे : 'लोकांचे आरोग्य, सामाजिक विषमता आणि संशोधनाच्या संधी'. ते वाचून मागच्या रांगेतल्या काहींनी चहा किती वाजता आहे असे विचारले, ते आमच्या कानावर आले. त्यांचा दोष नाही. संशोधन म्हणजे साहेबलोकांचे काम, अशीच आपली समजूत करून दिलेली आहे. पण या शास्त्राचा बराचसा पाया बसवाले, टपालवाले, सरकारी नोकर आणि रेल्वेवाले यांच्या हजेरीपटांवर आणि आजारपणाच्या रजेवर उभा आहे. तेवढे ऐका, मग चहा आहेच.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४९-५० या काळातल्या बस कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही एकाच डेपोचे, राहणीमानही जवळपास सारखे. फरक एवढाच की एकजण पाळीभर बसलेला, तर दुसरा दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर तो उशिरा आणि सौम्य. त्याच अभ्यासात टपाल खातेही होते. पायपीट करून पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेलिफोन ऑपरेटर व कारकून दुसऱ्या बाजूला. तिथेही तेच दिसले. पोस्टमनचे हृदय अधिक धड.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. काही वर्षांनी मॉरिस यांनी बस कंपनीच्या गणवेशांची मापे मागवली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर प्रत्येक वयोगटात कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुणांतसुद्धा. म्हणजे सगळाच फरक कामामुळे पडलेला नसेल, काही भाग माणूस नोकरीत शिरतानाच बरोबर घेऊन आला असेल. स्वतःच्याच निष्कर्षावर असा संशय घेणारा संशोधक आपल्या कामाचा. शिंप्याच्या वहीतूनसुद्धा माहिती निघते, हेही लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६७ पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ती जगभर गाजली. मायकेल मार्मट यांचे नाव तिच्याशी जोडले गेले. यात कोणी उपाशी नव्हता, कोणी बेकार नव्हता. सगळ्यांना पगार, पेन्शन, सरकारी मोफत दवाखाना. तरी शिपाई-निरोप्यांच्या तळच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांच्या साधारण तिप्पट! विडीकाडी, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशेबात धरले तरी फरकाचा जेमतेम तिसरा हिस्सा उलगडला. आणि नुसते तळचे आणि वरचे असा दोनच ठिकाणचा फरक नव्हता. शिडीच्या प्रत्येक पायरीवर खालचा वरच्यापेक्षा वाईट.

१९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली. तीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. तळच्या श्रेणीतल्या पुरुषांचे आजारपणाच्या रजेचे प्रमाण वरच्यांच्या सहापट निघाले. आपल्याकडे असा आकडा दिसला की पहिला शेरा पडतो तो 'कामचुकार'. तिथल्या संशोधकांनी मात्र विचारले, या माणसाचा स्वतःच्या कामावर ताबा किती? काम कसे करायचे, कधी थांबायचे, हे त्याला ठरवता येते का? ज्यांच्या हातात हे काहीच नव्हते त्यांना हृदयविकार जास्त झाला. पॉइंट्समनला, सॉर्टिंगवाल्याला यात नवे काही नाही. पण तुम्ही सांगता ते गाऱ्हाणे ठरते. आकड्यानिशी सांगितले की तो पुरावा होतो.

पुरावा झाला म्हणजे सरकार ऐकते असेही नाही बरे. ब्रिटनमध्येच सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने दाखवले की अकुशल कामगाराच्या वर्गात निवृत्तीच्या वयाआधी मरण्याचा संभव उच्च व्यावसायिकांच्या अडीचपट आहे. तो अहवाल १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या आठवड्यात, अवघ्या २६० प्रती काढून बाहेर सोडण्यात आला. दडपण्याची ही रीत आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. तरी तो अहवाल दडपला गेला नाही.

आता आपल्या घरचे. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते ६२ या काळातल्या दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून हृदयविकाराचा अभ्यास केला. तो १९६७ साली विलायतेतल्या नियतकालिकात छापून आला. दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेपेक्षा सुमारे सातपट, आणि तूपलोणी जास्त खाणारे मात्र उत्तरेचे! कारणांवर वाद पुष्कळ झाले, त्यात आम्ही पडत नाही. मुद्दा असा की रेल्वेच्या नोंदींत एवढे दडलेले असते. तेही संगणक नव्हते तेव्हा काढता आले.

२०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीने रेल्वे सुरक्षिततेचा अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मेले आणि ८७०० जखमी झाले, असे त्यात नमूद आहे. हे अपघाती मृत्यू. गाडीखाली जो गेला तो मोजला गेला. जो उन्हात तीस वर्षे रूळ ठोकून रिटायर झाला आणि पेन्शनची कागदपत्रे पुरी होईतो गेला, तो कोणत्या अहवालात आहे?

मुंबईत देवनारला १९५६ पासून लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. पहिले १९९२-९३ चे, पाचवे २०१९-२१ चे. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू अनुसूचित जातींत ४५, जमातींत ४४, तर 'इतर' या गटात ३२ होते. जात आणि घरची सांपत्तिक स्थिती यांचा हिशेब तिथे मिळतो. पण गँगमन आणि इंजिनिअर, ग्रामीण डाक सेवक आणि पोस्टमास्तर, असा हिशेब त्या सर्वेक्षणातून निघत नाही. आणि झाडूवाला कोणत्या जातीचा, हे तर कोणी न विचारताही सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून आम्ही आमच्या शाखेत बसून स्वतःच मोजायचे ठरवले. मृत्युनिधीचे रजिस्टर काढले. कित्येक वर्षांचे, व्यवस्थित बांधलेले. उघडले तर नाव, मृत्यूची तारीख, वारसाचे नाव, दिलेली रक्कम, पावती क्रमांक. वय नाही. हुद्दा नाही. किती वर्षे कोणत्या कामावर होता, कशाने गेला, काही नाही. पैशाचा हिशेब पै-पैचा, माणसाचा हिशेब कोरा. प्रशासनाला शिव्या द्यायला गेलेले आम्ही आपल्याच कपाटासमोर ओशाळलो. काही जुन्या साथींच्या घरी जाऊन विचारले. एकीने सांगितले, त्यांना साखर होती, पण नोकरीत असेपर्यंत त्यांनी कोणाला कळू दिले नाही.

ही भीती खरी आहे. ड्रायव्हरला डोळ्यांच्या, साखरेच्या तपासणीत नापास होऊन लाइनवरून खाली उतरण्याची धास्ती असते. म्हणून संशोधक दाराशी आला तर आपल्या अटी पक्क्या हव्यात. माहिती द्यायची ती नावाशिवाय, प्रशासनाच्या हाती कोणाचाही कागद जाणार नाही या लेखी कबुलीवर. निष्कर्ष प्रथम आपल्या सभेत, मराठीत आणि हिंदीत सांगायचे. कंत्राटी सफाईवाले आणि ग्रामीण डाक सेवक मोजणीत धरायचे. २००१ पर्यंत ज्यांना आपण ईडी म्हणत होतो तेच हे. त्यांना आजही खात्याच्या कायम नोकरांसारखी वैद्यकीय सोय नाही. शिवाय तुलना खात्याच्या आतच हवी. भरतीलाच धडधाकट निवडलेल्या ट्रॅकमनची गाठ बाहेरच्या आजारी माणसाशी घातली तर ट्रॅकमन ठणठणीतच दिसणार!

दारे बंद नाहीत. २००० साली कोलकात्याच्या जनस्वास्थ्य सभेला देशभरातून लोक रेल्वेने गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक कारणांवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला. मार्मट त्याचे अध्यक्ष होते आणि सभासदांत 'सेवा' या स्त्रियांच्या युनियनच्या मिराई चॅटर्जी होत्या. त्यात नोकरीच्या परिस्थितीवर वेगळे प्रकरण आहे. म्हणजे युनियनचा माणूस त्या टेबलाशी बसू शकतो. आपल्या मुलामुलींपैकी कोणी पदवीधर असेल, आकड्यांची आवड असेल, तर देवनारच्या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करा. साहेब व्हायला नको, आपली रजिस्टरे वाचायला या म्हणावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपले मृत्युनिधीचे रजिस्टर बरोबर आणायचे आहे. त्यात वय, हुद्दा, एकूण नोकरी आणि मृत्यूचे कारण असे चार रकाने आखून आणा. मागच्या पाच वर्षांची नावे घेऊन घरोघर विचारून भरता येतील तेवढे भरा; न कळले तिथे रिकामे सोडा, अंदाजाने काही लिहू नका. आखायला फूटपट्टी लागेल. ती आम्ही देतो.